वारशाने आलेल्या अल्बममधील तिकिटे खरी की बनावट, हे कसे पारखावे?

जुना_अल्बम यांचा प्रश्न:

नमस्कार. माझ्या थोरल्या काकांनी आयुष्यभर जमवलेला टपाल तिकिटांचा अल्बम काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आला. त्यांनी प्रत्येक पानावर देश, वर्ष आणि छपाईचा प्रकार बारीक अक्षरात लिहून ठेवला आहे, परंतु कोणते तिकीट कोठून घेतले याची नोंद मात्र कोठेही नाही. मी स्वतः या विषयात नवखा आहे. दहा पटींचे भिंग, तिकिटांचा चिमटा, छिद्रमापक पट्टी आणि अतिनील प्रकाशाची लहान विजेरी एवढे साहित्य मी जमवले आहे.

तीन ठिकाणी मला शंका येते. पहिले ठिकाण म्हणजे हेलिगोलँड या बेटाची वीसहून अधिक कोरी तिकिटे. ती सगळी इतकी ताजी आहेत की जणू कालच छापली असावीत. दुसरे म्हणजे ब्रिटिश वसाहतींची मोठ्या किमतीची काही तिकिटे, ज्यांच्या कोपऱ्यावर फार नीटनेटका गोल शिक्का आहे. तिसरे म्हणजे राणी व्हिक्टोरियाचे हिरवे एक शिलिंगाचे तिकीट, ज्याच्यासमोर काकांनी पेन्सिलीने केवळ एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

कागदात जलचिन्ह, म्हणजे उजेडासमोर धरल्यावर दिसणारी कागदातली खूण, असेल तर तिकीट खरे समजावे, असे मी वाचले आहे. हा नियम पुरेसा आहे का? नसल्यास तपासणीची सुरुवात कोठून करावी?

शिळाछाप यांचे उत्तर:

जलचिन्हाच्या नियमाबद्दल माझ्यानंतर कोणीतरी लिहीलच, म्हणून मी माझ्या धंद्यातले सांगतो. माझी हयात छापखान्यात गेली आणि तिकिटांकडे मी आजही छापील कागदाचा तुकडा म्हणूनच पाहतो. कोणतेही तिकीट हातात घेतल्यावर ते खरे आहे का, असे विचारू नये. त्याच्या मूळ तिकिटाची छपाई कोणत्या पद्धतीने झाली होती, हे आधी विचारावे. आपल्या काकांनी प्रत्येक पानावर छपाईचा प्रकार लिहून ठेवला, म्हणजे त्यांनाही हेच ठाऊक असावे.

कारण साधे आहे. बनावट तिकीट करणाऱ्याला चित्राची नक्कल जमते, पण मूळ छापखान्याची यंत्रे त्याच्याकडे नसतात. म्हणून तो सहसा स्वतःला परवडेल अशी पद्धत वापरतो, आणि एकोणिसाव्या शतकात ती बहुधा शिळाछाप, म्हणजे लिथोग्राफी असे. हॅम्बुर्गच्या स्पिरो बंधूंनी अनेक देशांच्या तिकिटांच्या नकला अशाच दगडावरून छापल्या आणि पुष्कळदा त्यांवरचा टपालाचा शिक्कादेखील छापूनच टाकला.

आता भिंगाखाली काय दिसते ते पाहू. कोरीव छपाईत रेषा धातूच्या पत्र्यात खोल कोरलेल्या असतात आणि शाई त्या खाचांतून कागदावर येते, त्यामुळे रेषेला उंची येते. दिवा बाजूने धरून तिकीट डोळ्यांच्या पातळीवर आणले की शाईचे बारीक कंगोरे दिसतात. १८४० चे पेनी ब्लॅक या पद्धतीचे आहे. त्यावरचा राणीचा चेहरा चार्ल्स आणि फ्रेडरिक हीथ या पितापुत्रांनी कोरला होता. लेटरप्रेसमध्ये याच्या उलट, उंच भागाला शाई लागते आणि दाबामुळे ती कडेला सरकते. म्हणून अक्षराच्या काठाला गडद रेघ दिसते आणि मागच्या बाजूला दाबाचा हलका ठसा लागतो. शिळाछापेत यांपैकी काहीच नसते. शाई सपाट बसलेली, रेषेचा काठ मऊ, मागची बाजू गुळगुळीत. फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये सगळे चित्र, अक्षरे धरून, बारीक चौकटींच्या जाळीने बनते, त्यामुळे अक्षरांचे काठ करवतीसारखे दिसतात. आधुनिक रंगीत ऑफसेटमध्ये चार रंगांचे ठिपके गुच्छासारखे एकमेकांभोवती जमलेले असतात.

एवढे कळले की पुष्कळ निवाडे तिथल्या तिथे होतात. १९४८ चे महात्मा गांधींचे दहा रुपयांचे तिकीट स्वित्झर्लंडमधील कूर्व्हॉइझिए या छापखान्यात फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने छापले गेले. त्याच्या नावाने एखादे तिकीट समोर आले आणि भिंगाखाली ऑफसेटचे रंगीत ठिपके दिसले, तर पुढे छिद्रे मोजण्याचे कष्ट घेण्याची गरजच उरत नाही.

एक सूचना. काही जण कोरीव छपाई ओळखण्यासाठी तिकिटावर चांदीचा वर्ख किंवा ॲल्युमिनियमचा पातळ कागद ठेवून घासतात. ठसा उमटतो हे खरे, पण कोऱ्या तिकिटाचा डिंक आणि पृष्ठभाग दोन्ही त्यात दुखावतात. तिरप्या उजेडाने तेच काम होते.

दात_मोजणारा यांचे उत्तर:

शिळाछाप यांच्याशी मी सहमत आहे, आणि जलचिन्हाचा प्रश्न त्यांनी माझ्यावर सोडला आहे असे समजून लिहितो.

जलचिन्ह नसणे हा मोठा पुरावा आहे. जलचिन्ह असणे हा मात्र पुरावा नव्हे. हा भेद अनेक जाणत्या संग्राहकांनीही पुरेसा मनावर घेतलेला नसतो. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे जाँ द स्पेराती. इटलीत जन्मलेला हा मनुष्य फ्रान्समध्ये एक्स-ले-बँ येथे राहत होता. तो एखाद्या मालिकेतले स्वस्त, वापरलेले, पूर्ण अस्सल तिकीट घेई, रसायनांनी त्यावरचे छापील चित्र उडवून टाकी आणि त्याच कागदावर त्याच मालिकेतले दुर्मिळ तिकीट छापी. कागद खरा, जलचिन्ह खरे, छिद्रे खरी, आणि पुष्कळदा टपालाचा शिक्कादेखील खराच. १९४२ मध्ये त्याने पोर्तुगालला पाठवलेली तिकिटे फ्रेंच सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पकडली आणि परवान्याशिवाय मौल्यवान वस्तू देशाबाहेर पाठवल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला. तज्ज्ञांनी ती तिकिटे अस्सल ठरवली होती. सुटकेसाठी, ही माझी स्वतःची निर्मिती आहे, असे सांगण्याची पाळी त्याच्यावर आली. शेवटी १९५४ मध्ये ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने त्याचा साठाच विकत घेतला, तो अर्थातच बाजारात पसरू नये म्हणून. अशा तिकिटाला पकडायचे तर शिळाछाप यांची वाट हाच उपाय उरतो, कारण मूळ छपाई लेटरप्रेसची किंवा कोरीव असताना त्याची छपाई मात्र फोटोलिथोची, म्हणजे सपाट होती.

छिद्रांबद्दल. दोन सेंटीमीटर अंतरात किती छिद्रे येतात ती संख्या म्हणजे छिद्रमाप, आणि ही पद्धत १८६६ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टर लग्रां यांनी सुचवली. चारही बाजू मोजाव्यात. एकच बाजू मोजून निघालेला निष्कर्ष मी मान्य करत नाही. छिद्रांत फेरफार दोन्ही दिशांनी होतो. बिनछिद्राचा प्रकार अधिक दुर्मिळ असेल तर छिद्रे असलेल्या तिकिटाच्या कडा कापल्या जातात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन-फ्रँकलिन मालिकेतल्या गुंडाळीच्या, म्हणजे दोन समोरासमोरच्या बाजूंना छिद्रे नसलेल्या, तिकिटांबाबत हे इतके झाले आहे की जाणकार सुटे तिकीट न घेता जोडीच मागतात. उलट कापलेल्या किंवा खराब कडेवर नवी छिद्रे पाडलेली तिकिटेही आढळतात. अशा वेळी पट्टीपेक्षा शेजारी ठेवलेले साधे तिकीट अधिक सांगते. दोन्हींची पूर्ण रुंदी जुळवून पाहावी आणि दातांची टोके पाहावीत. अस्सल दात फाडून वेगळे झालेले असल्याने त्यांच्या टोकाला कागदाचे तंतू सुटलेले असतात.

जलचिन्ह पाहण्यासाठी काळ्या तबकडीत तिकीट पालथे ठेवून त्यावर बेंझिनसारखा द्राव टाकण्याची पद्धत आहे. खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून दूर बसूनच ते करावे, आणि ग्रॅव्ह्यूरच्या तिकिटांवर ते करूच नये, कारण काही शाया त्यात विरघळतात. आधी नुसते प्रकाशासमोर धरून पाहावे. निम्म्या वेळी तेवढ्याने भागते.

आता हेलिगोलँड. हे बेट १८९० पर्यंत ब्रिटनच्या ताब्यात होते आणि त्याची तिकिटे १८६७ पासून बर्लिनमध्ये छापली जात. मधोमध राणीचा चेहरा शाईविना उठवलेला आणि भोवती रंग, अशी त्यांची रचना आहे. मागणी वाढल्यावर बर्लिन, लाइपझिग आणि हॅम्बुर्ग येथे त्यांची पुनर्मुद्रणे इतक्या मोठ्या प्रमाणात झाली की कोणत्याही जुन्या अल्बममधील कोरी हेलिगोलँड तिकिटे पाहिली की मी आधी पुनर्मुद्रण गृहीत धरतो आणि मग उलट पुरावा शोधतो. यांना बनावट म्हणणे मात्र अचूक नाही. त्यांतली काही सरकारी छापखान्यातूनच बाहेर पडली आहेत. पण टपालासाठी ती कधीच छापली गेली नव्हती. चित्राच्या तुलनेने येथे फारसे हाती लागत नाही. रंगाची छटा, कागदाचा पोत आणि छिद्रमाप यांचा एकत्र विचार करावा लागतो. याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे सीबेकची तिकिटे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांना निकोलस सीबेक फुकट तिकिटे छापून देई आणि मोबदल्यात तीच पुन्हा छापून संग्राहकांना विकण्याचा हक्क घेई.

भिंगवाली यांचे उत्तर:

वरची दोन्ही उत्तरे तिकिटाच्या अंगाबद्दल आहेत. मला शिक्क्याबद्दल लिहायचे आहे, कारण वसाहतींच्या तिकिटांबद्दल आपण केलेल्या वर्णनातला ‘फार नीटनेटका’ हा शब्द वाचताच मी सावध झाले.

मोठ्या किमतीची तिकिटे टपालात क्वचितच वापरली जातात, त्यामुळे काही वसाहतींची अशी तिकिटे कोरी स्वस्त आणि शिक्का मारलेली महाग असतात. जिथे असा फरक आहे तिथे बनावट माणूस तिकीट तयार करत बसत नाही. तो अस्सल कोरे तिकीट घेतो आणि फक्त शिक्का खोटा मारतो. ‘मादाम जोसेफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्क्यांचा संच या बाबतीत प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये ब्रिटिश वसाहतींच्या टपाल कचेऱ्यांचे शेकडो बनावट शिक्के तयार झाले आणि ते पुढे रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या हाती आले. या शिक्क्यांची एक खोड अशी की त्यांतल्या अनेकांची तारीख बदलता येत नसे. एकाच गावचा एकाच दिवसाचा शिक्का वेगवेगळ्या तिकिटांवर पुन:पुन्हा दिसू लागला की मी अल्बम बाजूला ठेवते आणि कॅटलॉग उघडते. आपणही तेच करावे. शिक्क्यावरची तारीख वाचावी आणि ते तिकीट कधी प्रसिद्ध झाले ते पाहावे. तिकीट जन्माला येण्याआधीच त्यावर शिक्का पडला असेल, तर अधिक वाद घालण्याचे कारण नाही.

अधिमुद्रणाला, म्हणजे तयार तिकिटावर नंतर छापलेल्या मजकुरालाही, हाच विचार लागू होतो. खऱ्या तिकिटावर क्रम ठरलेला असतो: आधी तिकीट, मग त्यावर छापलेला मजकूर, आणि शेवटी शिक्का. अधिमुद्रणाची शाई शिक्क्याच्या शाईवर बसलेली दिसली, तर कोणीतरी साधे वापरलेले तिकीट घेऊन त्याला नंतर नवे नाव दिले आहे. छेदाच्या जागी भिंगाचा रोख धरावा. दोन काळ्या शायांमध्ये हे ओळखणे मात्र कठीण जाते, तेव्हा अक्षरांची उंची आणि त्यांमधले अंतर मोजणे बरे.

कोऱ्या तिकिटांच्या डिंकाबद्दल थोडेसे. जुन्या काळी पूर्ण तावाला आधी डिंक लावत आणि मग छिद्रे पाडत, त्यामुळे दातांच्या टोकांना डिंक नसतो. नंतर डिंक चढवलेल्या तिकिटात तो टोकांत झिरपतो आणि दात बोटाला टोचतात. तसेच दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कागदात उजळपणा आणणारी रसायने घातलेली नसत. तेव्हा एकोणिसाव्या शतकातले म्हणून ठेवलेले तिकीट आपल्या विजेरीखाली निळसर पांढरे चमकू लागले, तर ते नक्कीच संशयास्पद. न चमकणे ही मात्र खरेपणाची खूण नाही. विजेरीकडे थेट पाहू नये, हे सांगायला नकोच.

जुना_अल्बम यांचे उत्तर:

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. गेले दोन आठवडे मी आपल्या सूचनांप्रमाणे तपासत बसलो होतो.

वसाहतींच्या तिकिटांचा निकाल सर्वांत लवकर लागला, आणि तो वाईट आहे. एकाच वसाहतीच्या तीन वेगवेगळ्या किमतींच्या तिकिटांवर एकाच गावचा, एकाच तारखेचा शिक्का निघाला, आणि त्यांपैकी एक तिकीट त्या तारखेनंतर प्रसिद्ध झालेले आहे. तिकिटे स्वतः अस्सल दिसतात. जलचिन्ह जुळते, छिद्रमाप चारही बाजूंनी जुळते, छपाईही लेटरप्रेसची आहे. माझ्या जुन्या नियमाने मी ती बिनदिक्कत खरी मानली असती.

हेलिगोलँडचा संच मी दात_मोजणारा यांच्या सूचनेनुसार ‘पुनर्मुद्रण, उलट पुरावा मिळेपर्यंत’ अशा शीर्षकाखाली वेगळ्या पानावर ठेवला आहे.

राहिले हिरवे शिलिंग. चारही कोपऱ्यांत अक्षरे आहेत आणि बाजूला ५ हा आकडा आहे. काकांच्या प्रश्नचिन्हाचा अर्थ मला अजून लागत नाही.

दात_मोजणारा यांचे उत्तर:

आपल्या काकांच्या प्रश्नचिन्हाचा अर्थ मला लागला आहे असे वाटते, आणि त्यांची कल्पना वाईट नव्हती.

५ हा छपाईच्या पत्र्याचा क्रमांक आहे. पाचव्या आणि सहाव्या पत्र्याच्या हिरव्या शिलिंगाची बनावट तिकिटे १८७२ च्या सुमारास लंडनच्या शेअर बाजारातल्या तार कचेरीत तारांच्या अर्जांवर चिकटवली गेली. संग्राहकांना नव्हे, तर टपाल खात्यालाच फसवण्याचा तो प्रकार होता. एवढा मोठा घोटाळा त्या वेळी कोणाच्या लक्षात आला नाही. १८९८ मध्ये जुने अर्ज चाळताना चार्ल्स निसेन या तिकीट व्यापाऱ्याच्या तो नजरेस पडला.

तपासणी दोन टप्प्यांची आहे. या मालिकेच्या कागदात गुलाबाच्या फांदीचे जलचिन्ह असते. बनावट तिकिटात ते नाही. दुसरा टप्पा अधिक गमतीचा आहे. मूळ पत्र्यात २४० तिकिटे, वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा, अशी मांडणी होती. खालच्या डाव्या कोपऱ्यातले अक्षर ओळ सांगते, म्हणून ते ए पासून टी पर्यंतच येऊ शकते. खालच्या उजव्या कोपऱ्यातले अक्षर ओळीतली जागा सांगते, म्हणून ते एल च्या पुढे जाऊच शकत नाही. वरच्या दोन कोपऱ्यांत तीच अक्षरे उलट क्रमाने असतात. बनावट करणाऱ्यांना हे गणित ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यांच्या काही तिकिटांवर पत्र्यात अस्तित्वातच नसलेल्या जागांची अक्षरे आली आहेत.

आपल्या तिकिटाची खालची दोन अक्षरे कोणती आहेत, आणि उजेडासमोर धरल्यावर फांदी दिसते का?

भिंगवाली यांचे उत्तर:

तोपर्यंत एक पुस्ती जोडते. खोट्या शिक्क्यांची तिकिटे टाकून देऊ नयेत, आणि त्यांच्या पाठीवर शाईने काही लिहू नये. पानावर स्पष्ट नोंद करून ती तुलनेसाठी ठेवावीत. जिनीव्हाच्या फ्रांस्वा फूर्निए याने आपल्या नकला उघडपणे ‘फॅक्सिमिली’ म्हणून विकल्या. १९१७ मध्ये तो वारल्यानंतर त्याचा साठा तिथल्या संग्राहकांच्या संघटनेने घेतला आणि नमुने अल्बममध्ये लावून तज्ज्ञांना उपलब्ध करून दिले. खोटे ओळखायचे तर खोटे समोर असावे लागते.

ज्या तिकिटाचा निकाल पैशांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, तेवढेच तज्ज्ञ समितीकडे पाठवावे. लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी आणि न्यूयॉर्कचे फिलाटेलिक फाउंडेशन छायाचित्रासह प्रमाणपत्र देतात. प्रमाणपत्र हे त्या दिवसापुरते मत असते, म्हणून जुन्या प्रमाणपत्रावरची तारीखही वाचावी.

जुना_अल्बम यांचे उत्तर:

खालची अक्षरे डावीकडे डी आणि उजवीकडे एच अशी आहेत, वरच्या कोपऱ्यांत तीच उलटी. खिडकीशी धरल्यावर गुलाबाची फांदी स्वच्छ दिसली. तिरप्या उजेडात मागच्या बाजूला दाबाचा हलका ठसाही आहे.

म्हणजे तिकीट अस्सल आहे ना?

दात_मोजणारा यांचे उत्तर:

आपण सांगितलेल्या तिन्ही गोष्टी जुळतात, तेव्हा त्याला बनावट म्हणण्याचे कारण मला दिसत नाही. शेअर बाजारातली ती बनावट शिलिंगे आज अस्सल तिकिटापेक्षा अधिक मागणीत आहेत, त्यामुळे काकांना प्रश्नचिन्ह काढताना आशा वाटत असावी की भीती, हे आता त्यांनाच ठाऊक.

जुना_अल्बम यांचे उत्तर:

प्रश्नचिन्ह मी खोडलेले नाही. त्याच्या शेजारी पेन्सिलीने ‘डी-एच, जलचिन्ह आहे’ एवढेच लिहिले आहे.